लेखनिक यंत्र, साक्ष आपली



नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि पाहता पाहता कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने आपल्या घरातील मोबाइलवर येऊन बसली. आज नोकरीच्या शोधात असलेला पदवीधर तरुण बायोडाटा लिहायला बसला की आधी त्यांचीच मदत घेतो. चार ओळींत आपली माहिती द्यावी आणि क्षणभरात सफाईदार इंग्रजीतील अर्ज हाती यावा, अशी ही सोय आहे. ज्या घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढली आहे, जिथे इंग्रजी अर्ज तपासून देणारे कोणी नाही, त्या घरासाठी तिचे मोल मोठे आहे. मात्र या सोयीबरोबर एक प्रश्नही आला आहे आणि तो आता जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत विचारला जाऊ लागला आहे: यंत्राकडून लिहून घेतलेला अर्ज आपल्या नावाने पाठवणे जायज आहे काय?

या प्रश्नाला दोन घाईची उत्तरे मिळतात. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, 'दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर खपवणे ही फसवणूक आहे, हे सारेच नाजायज.' तरुण म्हणतात, 'सगळेच असे करतात, आम्हीच का मागे राहावे?' पहिले उत्तर अल्लाहने मोकळी ठेवलेली वाट बंद करते आणि दुसरे त्याने घातलेली मर्यादा पुसून टाकते. आपण जरा थांबून विचार करू या.

पवित्र कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत नमाज किंवा रोजाविषयी नसून देण्या-घेण्याची लेखी नोंद कशी करावी याविषयी आहे (सूरह बकरा, २८२). तिच्यातील व्यवस्था लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कर्जाचा दस्तऐवज लेखनिकाने न्यायाने लिहावा. परंतु मजकूर कोणी सांगावा? तर ज्याच्यावर देणे आहे त्याने. त्याने आपल्या पालनकर्त्याचे भय बाळगावे आणि सांगताना काहीही कमी करू नये. म्हणजे अक्षर लेखनिकाचे असेल, वाक्यरचना त्याची असेल, परंतु मजकुरातील सत्याचा भार ज्याच्या नावाने दस्तऐवज होतो त्याच्यावर असतो.

आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर टंकलेखन यंत्र घेऊन बसणारे अर्जनवीस पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. आपल्या आजोबांनी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतले आणि खाली अंगठा उठवला. त्या अर्जाला कोणी लबाडी म्हटले नाही, कारण अर्जनवीस शब्द देत होता आणि हकीकत आजोबांची होती. हकीकत खोटी निघाली असती तर जाब अंगठा उठवणाऱ्यालाच द्यावा लागला असता. आजचे यंत्र हा तसाच एक लेखनिक आहे. त्याच्याकडून लिहून घेण्यात दोष नाही. प्रश्न एवढाच की मजकूर कोण सांगत आहे, आपण की तो?

भाषेसाठी मदत मागण्यात कमीपणा तर मुळीच नाही. हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनच्या दरबारात जाण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी आपल्या जिभेची गाठ सुटावी अशी प्रार्थना केली, आणि आपले बंधू हारून (अ.) यांची वाणी आपल्याहून अधिक ओघवती आहे, त्यांना साहाय्यक म्हणून द्यावे, अशी विनंती केली (सूरह ताहा व सूरह कसस). अल्लाहने ती विनंती मान्य केली. एका महान प्रेषिताने वाणीसाठी साहाय्य मागितले, मग मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाने इंग्रजी नीट व्हावे म्हणून साधनाची मदत घेतली तर त्यात लाज कसली? परंतु हेही पाहा की मूसा (अ.) यांनी हारून (अ.) यांना मागितले ते सत्याला पुष्टी देण्यासाठी. संदेश अल्लाहचा होता. ओघवत्या वाणीने त्यात स्वतःचे काही घालायचे नव्हते.

कोणी विचारेल, स्वतःचे गुण स्वतः सांगणे हा अहंकार नाही काय? याचे उत्तर हजरत यूसुफ (अ.) यांच्या वृत्तांतात आहे. त्यांनी मिसरच्या बादशहाला सांगितले की देशाच्या कोठारांची जबाबदारी आपल्याकडे द्यावी, कारण आपण जपणूक करणारे आणि जाणकार आहोत. गरजेच्या वेळी आपली खरी योग्यता मांडणे प्रेषितांना निषिद्ध नव्हते, तर आपल्यालाही नाही. त्यांनी दोनच गुण सांगितले आणि दोन्ही त्या कामाला लागणारे होते. पुढील सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्याचा सल्ला ते आधीच देऊन चुकले होते. म्हणजे दाव्यामागे दाखवण्यासारखे ज्ञान होते. उत्तम बायोडाटा कसा असावा याचा याहून चांगला धडा शोधूनही सापडणार नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लातूरच्या एका आडत दुकानात दोन वर्षे हिशेब पाहणारा वाणिज्य शाखेचा पदवीधर पुण्याच्या एखाद्या कंपनीत अर्ज करतो. तो यंत्राला सांगतो, 'दुकानात टॅलीवर नोंदी करतो, जीएसटीसाठी बिले जुळवतो, हमालांची मजुरी आठवड्याला वाटतो.' यंत्राने हे नीट मांडले: आडत व्यवसायात दोन वर्षांचा हिशेबाचा अनुभव, खरेदी-विक्रीच्या नोंदी, कर विवरणपत्रासाठी बिलांची पडताळणी, साप्ताहिक मजुरीचे वाटप व त्याचा ताळेबंद. ही सेवा झाली. मुलाने जे केले तेच, पण वाचणाऱ्याला कळेल अशा शब्दांत आले. कित्येकदा आपल्या मुलांना आपण केलेले काम 'काम' म्हणून मोजावे हेच ठाऊक नसते. ते दाखवून देणारे साधन उपकारकच म्हणावे लागेल.

परंतु तेच यंत्र आणखी दोन ओळी घालते: 'पाच कर्मचाऱ्यांच्या गटाचे नेतृत्व केले. खर्चात ३० टक्के बचत घडवली.' दुकानात गट नव्हता आणि बचत कोणी मोजली नव्हती. या ओळी आल्या कुठून? ही यंत्रे शब्दामागून कोणता शब्द येणे संभाव्य आहे हे अफाट लिखाणावरून शिकलेली असतात. बायोडाट्यात अशा बढाया नेहमी येतात, म्हणून ती त्याही लिहून देतात. लातूरचे ते दुकान त्यांनी पाहिलेले नाही. त्यांना खरे-खोटे यांची चाड नाही आणि नियतही नाही. शरीअतच्या भाषेत ती मुकल्लफ नाहीत, म्हणजे त्यांच्यावर कोणतेही उत्तरदायित्व नाही. मुकल्लफ आहे तो पाठवण्याचे बटण दाबणारा माणूस. कर्जदाराला देणे कमी करून सांगण्याचा मोह होतो, म्हणून त्या आयतीत कमी करू नका अशी ताकीद आहे. अर्जदाराला मोह होतो तो वाढवून सांगण्याचा. आज्ञेतील मर्म मात्र दोघांसाठी एकच आहे.

दुनियेच्या न्यायालयांनीही हीच भूमिका घेतली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे आपल्या निवेदनात दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी त्या वकिलांना व त्यांच्या फर्मला ५,००० डॉलरचा दंड केला. अशा साधनाची मदत घेणे मुळातच गैर नाही, परंतु दाखल केलेला शब्द खरा आहे याची राखण वकिलानेच करायची असते, असा त्या निर्णयाचा आशय होता. 'यंत्राने लिहिले' ही सबब तिथे चालली नाही. मग जिथे डोळे, कान आणि अंतःकरण यांचाही हिशेब घेतला जाणार आहे (सूरह बनी इस्राईल, ३६), तिथे ती कशी चालेल?

वाचकहो, बायोडाटा हा जाहिरातीचा कागद आहे असे आपण समजू लागलो आहोत. वास्तविक ती एक साक्ष आहे. मी अमुक ठिकाणी होतो, अमुक केले, अमुक मला येते, अशी आपण स्वतःविषयी दिलेली साक्ष. खोट्या साक्षीविषयी सहीह बुखारी व सहीह मुस्लिममध्ये जी हदीस आहे तिने मन हादरते. प्रेषित मुहम्मद (स.) मोठमोठी पापे सांगत होते आणि टेकून बसले होते; खोट्या बोलण्याचा व खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सावरून बसले आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले, इतके की आता त्यांनी थांबावे असे सहाबांना वाटू लागले. दुसऱ्या एका हदीसमध्ये, न मिळालेले मिळाल्याचा देखावा करणाऱ्याला त्यांनी खोटेपणाची दोन वस्त्रे ल्यालेल्या माणसाची उपमा दिली आहे. न केलेल्या नेतृत्वाने सजवलेला बायोडाटा याहून वेगळा काय असतो?

येथे एक सूक्ष्म भेद समजून घ्यावा लागेल. अर्जाची भाषा कधी केवळ वेष्टन असते, तर कधी तोच माल असतो. हिशेबनिसाच्या जागेसाठी अर्ज असेल तर अर्जाचे इंग्रजी हे वेष्टन आहे. ते यंत्राने नीट केले तरी मालाविषयी कोणाची दिशाभूल होत नाही. परंतु जागाच इंग्रजी पत्रव्यवहाराची, अनुवादाची किंवा लेखनाची असेल, तर अर्जातील इंग्रजी हा तुमच्या मालाचा नमुना आहे. तिथे यंत्राचे इंग्रजी आपले म्हणून दाखवणे म्हणजे ओले धान्य खाली ठेवून वर कोरडे पसरणे होय. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो ओला निघाला. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही हे स्पष्ट केले (सहीह मुस्लिम). धान्य भिजणे हा त्या माणसाचा अपराध नव्हता. तसेच इंग्रजी कच्चे असणे हा आपल्या मुलांचा अपराध नाही. अपराध झाकण्यात आहे.

हाच निकष लावला की पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात. जाहिरात समजून घेणे, कामाचे स्वरूप जाणणे, मुलाखतीत येतील असे प्रश्न यंत्राकडून विचारून घेऊन घरी सराव करणे, चुका सुधारणे, हे सारे खुशाल करावे. ही उंटाला दोरी बांधण्याची मेहनत आहे आणि तिच्यानंतरच भरवसा अल्लाहवर ठेवायचा आहे. परंतु ऑनलाइन परीक्षेत किंवा मुलाखतीत दुसऱ्या पडद्यावर यंत्राची उत्तरे पाहून ती आपली म्हणून वाचणे ही उघड फसवणूक आहे. कंपनीने साधनांना मनाई केली असेल आणि आपण ती अट मान्य केली असेल, तर तो करार आहे आणि मुसलमान आपल्या अटींना बांधलेला असतो. काही जण अर्ज चाळणाऱ्या संगणकाला चकवण्यासाठी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतील शब्द दडवून ठेवतात. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारी ती अक्षरे ज्याने लिहिली त्याला आणि अल्लाहला तर दिसतात ना?

अमानतीचाही विचार व्हावा. अनुभव सांगण्याच्या ओघात जुन्या मालकाच्या ग्राहकांची नावे, येणी-देणी किंवा हिशेबाच्या फाइली यंत्रात टाकणे म्हणजे दुसऱ्याची ठेव तिऱ्हाइताच्या हाती देणे होय. आपला आधार क्रमांक, बँक खाते, घरातील आजारपण हेही तिथे देण्याची गरज नसते.

सत्य सांगणे म्हणजे सर्व काही सांगणे नव्हे, हेही भगिनींनी विशेष लक्षात घ्यावे. लग्नानंतर किंवा मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे नोकरी सुटली असेल तर यंत्र ती पोकळी 'स्वतंत्र सल्लागार' अशा शब्दांनी बुजवू पाहते. त्याची गरज नाही. त्या काळात घर सांभाळले, सासूची शुश्रूषा केली, असे एका ओळीत लिहावे किंवा खासगी बाब म्हणून मौन राखावे. मौनाला मुभा आहे, बनावाला नाही. मात्र कामाशी निगडित गोष्ट थेट विचारली गेली तर उत्तर खरेच द्यावे.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. एखादा तरुण म्हणेल, 'इमामसाहेब, मैदानच सपाट नाही. माझे नाव वाचूनच अर्ज बाजूला पडतो. मग मीच प्रामाणिक का राहावे?' ही तक्रार कल्पित नाही. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले होते, फरक होता तो नावांचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत कमी प्रतिसाद मिळाला. यंत्राकडे निवड सोपवली म्हणून न्याय होतोच असेही नाही. ॲमेझॉनने अर्ज पारखण्यासाठी तयार करून पाहिलेली प्रणाली स्त्रियांचे अर्ज खाली ढकलत होती, कारण जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवरून ती शिकली होती. शेवटी ती सोडून द्यावी लागली, हे वृत्त २०१८ मध्ये रॉयटर्सने दिले. माप मारणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये आलेला कठोर इशारा अशा मापाऱ्यांनाही लागू आहे. आपल्यापैकी जे स्वतः दुकान, कारखाना किंवा शाळा चालवतात आणि नोकर निवडतात, त्यांनी तो आधी स्वतःला लावून पाहावा.

तरीही त्या तरुणाला मी विचारेन: तुझ्या खोट्या ओळीमुळे नुकसान कोणाचे होते? भेदभाव करणाऱ्या अधिकाऱ्याचे काहीच जात नाही. जागा जाते ती रांगेत तुझ्या मागे उभ्या असलेल्या, खरे लिहिणाऱ्या उमेदवाराची. तो बीडचा ऊसतोड मजुराचा मुलगा असेल, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी असेल. तुझा हिरावलेला हक्क परत मिळवण्यासाठी झगडणे वेगळे आणि अजून कोणाचीच न झालेली जागा खोट्याने पटकावणे वेगळे. एखाद्या समूहाच्या वैरामुळे तुम्ही न्यायापासून ढळू नका, ही सूरह माइदाची आज्ञा अन्याय सोसणाऱ्यांनाच उद्देशून आहे. ज्याच्यावर अन्याय झालेला नाही त्याला ती पाळणे सोपे असते.

अर्जात खोटे लिहून आधीच नोकरी मिळवली असेल तर पगाराचे काय, असेही विचारले जाते. अनेक मुफ्तींचे म्हणणे असे की ते काम करण्याची पात्रता असेल आणि माणूस ते प्रामाणिकपणे करत असेल, तर कामाचा मोबदला हलाल आहे, परंतु खोटे बोलण्याचे पाप त्याच्यावर राहते व त्यासाठी तौबा आवश्यक आहे. पात्रताच नसेल आणि काम होतच नसेल तर मोबदलाही शुद्ध राहत नाही. ज्याचे असे प्रकरण असेल त्याने आपला सविस्तर तपशील जाणत्या मुफ्तींपुढे ठेवावा.

पालकांनाही एक विनंती. 'अमक्याचा मुलगा लागला, तुझे काय?' हा प्रश्न जेवणाच्या दस्तरखानवर रोज विचारला गेला की मुलाची बोटे आपोआप खोट्या ओळीकडे वळतात. त्याऐवजी अर्ज पाठवण्यापूर्वी त्याला शेजारी बसवा आणि एकेक ओळ मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगायला लावा. जी ओळ तो आई-वडिलांसमोर नजर वर ठेवून सांगू शकेल ती राहू द्या. जिथे तो अडखळेल ती खोडा. इंग्रजी न येणारे आई-वडीलही ही तपासणी उत्तम करू शकतात, कारण मुलाने काय केले आणि काय नाही, हे त्यांना यंत्रापेक्षा अधिक ठाऊक असते.

हजरत मूसा (अ.) मिसर सोडून मदयनला पोहोचले तेव्हा त्यांच्यापाशी घर नव्हते, काम नव्हते, ओळख नव्हती. विहिरीवर दोन मुली आपली गुरे आवरून ताटकळत उभ्या होत्या. त्यांनी काही न मागता त्यांच्या गुरांना पाणी पाजले, सावलीत जाऊन बसले आणि पालनकर्त्याला म्हणाले की तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे. त्यानंतर त्या मुलींपैकी एकीने वडिलांना शिफारस केली: यांना कामावर ठेवावे, कारण समर्थ आणि विश्वासू माणूस हाच उत्तम नोकर. आठ वर्षांचा करार ठरला, दहा पूर्ण केल्यास मूसांची खुशी. नोकरी देणाऱ्याने काय पाहावे आणि मागणाऱ्याने काय कमवावे, हे त्या दोन शब्दांत आले आहे. सामर्थ्य वाढवायला यंत्र मदत करील. ते नवे कौशल्य शिकवील, भाषा सुधारील. विश्वासूपणा मात्र कोणतेही यंत्र लिहून देऊ शकत नाही. तो विहिरीवर, कोणी पाहत नाही असे वाटत असताना, कमवावा लागतो.

अल्लाह आपल्या मुलामुलींना हलाल आणि सन्मानाची रोजी देवो, त्यांच्या जिभेची गाठ सोडवो आणि त्यांची साक्ष खरी ठेवो. आमीन.